द्वीपविश्रांतिमीमांसा, अर्थात भांडुपहून घारापुरी

अथातो द्वीपविश्रांतिजिज्ञासा.

शास्त्राच्या पहिल्या सूत्रातल्या 'अथ' शब्दावर भाष्यकार पानेच्या पाने खर्च करतात, तेव्हा आम्हीही दोन ओळी खर्चतो. येथे 'अथ' म्हणजे मार्चअखेर उरकल्यानंतर. 'अतः' म्हणजे ज्याअर्थी कचेरीतला एक सहकारी अंदमानला, दुसरा बालीला आणि कालपरवा नोकरीला लागलेला तिसरा मालदीवला जाऊन आला, त्याअर्थी. 'जिज्ञासा' मात्र आमची नव्हे, घरातल्या धाकट्याची. जेवताना त्याने विचारले, "बाबा, आपण कधी बेटावर जाणार?"

आम्ही त्याला सांगितले की प्रश्नच चुकला आहे. आपण बेटावरच राहतो.

भांडुप साष्टी बेटावर आहे. सहासष्ट गावांवरून साष्टी. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, पश्चिमेला अरबी समुद्र. दक्षिणेची माहीमची खाडी पूल आणि भराव यांनी इतकी आटोपली की ती ओलांडताना कुणी खिडकीबाहेर पाहतही नाही. हेच बेट पोर्तुगीजांकडून घ्यायला 1737 साली मराठ्यांना खाडी ओलांडून फौज उतरवावी लागली होती. आज ऐरोली पुलावरून माणूस बसमध्ये डुलक्या घेत बेट सोडतो आणि संध्याकाळी डुलक्या घेत परत येतो. उष्ण कटिबंधाची अटही पुरी होते: कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, भांडुप एकोणीसच्या किंचित वर. कुणाला पुरावा हवा असेल त्याने मे महिन्यात दुपारी दोन वाजता एलबीएस रोडवर रिक्षाची वाट पाहावी.

धाकट्याने आक्षेप घेतला की बेटाला चारी बाजूंनी पाणी लागते आणि आपल्याला ते दिसत नाही. हा आक्षेप शाळेच्या पुस्तकातला आहे, व्याकरणातला नाही. 'द्वीप' हा शब्द 'द्वि' आणि 'अप्' यांपासून झाला. ज्याच्या दोन बाजूंना पाणी, ते द्वीप. चार बाजूंची मागणी संस्कृतने कधी केलीच नव्हती. या कसोटीवर साष्टी तर सोडाच, एकटे भांडुपसुद्धा द्वीप ठरते. पूर्वेला खाडी, पश्चिमेला डोंगरापलीकडे विहार तलाव, जो 1860 साली पुरा झाला. त्याआधी भांडुप द्वीप होते की नव्हते, हा प्रश्न आम्ही पुढील संशोधकांसाठी सोडतो.

आता पोस्टकार्डावरचे बेट पाहू. त्यावर पाणी असते, माड असतो, रम असते आणि एखादा गुलाबी पक्षी असतो. पाण्याच्या बाबतीत भांडुपचा हात कुणी धरणार नाही, कारण मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा भांडुपच्या संकुलात शुद्ध होऊन मगच मुंबईकराच्या पेल्यात पडतो. माड जुन्या चाळींच्या मागे अजून आहेत, नारळ कुणाचा यावरून भांडणेही आहेत. रमचे काय? तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भांडुपात रम गाळण्याचा मोठा उद्योग होता. भांडुपातल्या भट्टीपाडा या नावाचा त्याच्याशी संबंध जोडण्याचा मोह आम्हांला झाला, पण पुराव्याअभावी आवरला. (मोह आवरल्याची नोंद ग्रंथात करावी, असा पंडितांचा प्रघात आहे.) राहिला गुलाबी पक्षी. दर हिवाळ्यात फ्लेमिंगो हजारोंच्या संख्येने ठाण्याच्या खाडीत उतरतात, उन्हाळा सरेपर्यंत राहतात, आणि त्यांना पाहायला लोक पहाटे दुर्बिणी घेऊन भांडुप पंपिंग स्टेशनकडे जातात. खाडीचा तो भाग 2015 साली अभयारण्य झाला आणि 2022 साली रामसर यादीत गेला. म्हणजे कच्छकडून येणारा एक सुविद्य, नीटनेटका प्राणिसमूह सुट्टीसाठी दरवर्षी भांडुप निवडतो, तेही खाडीच्या चिखलाकडे पाहून. पंपिंग स्टेशन कसले आहे हे त्यांना कुणी सांगितलेले नाही.

मग भांडुपकराला भांडुपात विश्रांती का मिळत नाही? याचे उत्तर इतिहासात आहे. 1843 साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क भांडुपला आले होते. रेल्वेच्या इतिहासात नोंद अशी की मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढचे घाट लोहमार्गाने जोडावेत ही कल्पना त्यांना याच मुक्कामात सुचली. इतिहासकार या घटनेकडे भारतीय रेल्वेचा उगम म्हणून पाहतात. आम्ही विश्रांतीच्या अंगाने पाहतो. एक माणूस कामाच्या धबडग्यातून भांडुपला येतो, चार घटका शांत बसतो, आणि त्याला पहिली कल्पना सुचते ती येथून लवकरात लवकर निघायचे कसे याची. दहा वर्षांनी, 16 एप्रिल 1853 रोजी, पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला 57 मिनिटांत पोचली. आजची धिमी लोकल साधारण तेवढाच वेळ घेते. परंपरा जपणे म्हणतात ते हेच.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो. तो आमच्या कोकणनगरच्या आत्याचा. तिचे म्हणणे असे की माणसाने सुट्टी काढावी ती गणपतीला किंवा शिमग्याला, आणि जावे ते गावी, मालवणास. बेटच बघायचे तर किनाऱ्यावर उभे राहून कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग दिसतोच, वेगळे तिकीट कशाला? पूर्वपक्ष भक्कम आहे. भांडुपातली निम्मी सुट्टी याच मार्गाने खर्ची पडते. पण गावी गेल्यावर कौले शाकारायची असतात, विहीर उपसायची असते, चुलत्यांशी बांधावरून बोलायचे किंवा न बोलायचे असते. गाव म्हणजे सुट्टी नव्हे, बदली. तिथून परतलेला चाकरमानी ऑफिसात येऊन विश्रांती घेतो हे सर्व वरिष्ठांना माहीत आहे.

बरे, 'विश्रांती' या शब्दावर भरवसा ठेवावा, तर त्याचा धातू 'श्रम्'. श्रम तिच्या पोटातच बसलेला आहे. 'सुट्टी' त्या मानाने प्रामाणिक: ती 'सुटणे'पासून. परंतु गाडीही सुटते, बोटही सुटते, साबणही हातून सुटतो, आणि यांतल्या कशालाही आपण सुट्टी म्हणत नाही. हा मुद्दा वाचकाने लक्षात ठेवावा. पुढे उपयोगी पडेल.

प्रयोगासाठी आम्ही घारापुरी निवडली. कारणे तीन होती, त्यांतले एक पैसे. उरलेली दोन सांगत बसत नाही. घारापुरी उरण तालुक्यात, रायगड जिल्ह्यात. भांडुपच्या पूर्वेला चिखलात रुतलेली जी ठाण्याची खाडी आहे, तीच दक्षिणेला वाहत जाऊन ज्या बंदराच्या पाण्यात मिसळते, त्यात हे बेट आहे. म्हणजे एखाद्या भांडुपकराने पंपिंग स्टेशनाजवळ ओहोटीला कागदी होडी सोडली, तर ती लोकल न बदलता घारापुरीच्या दिशेने जाईल. माणसाला मात्र आधी सीएसएमटी गाठावे लागते.

बेट लहान आहे, आणि किती लहान हे वेळेवर अवलंबून: भरतीला सुमारे 10 चौरस किलोमीटर, ओहोटीला 16. भाडेकरूंनी बिल्डरशी कार्पेट एरियावरून वाद घालताना हे उदाहरण वापरावे. बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर ही तीन वस्तीची गावे. 2018 साली समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून तिथे कायमची वीज आली. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर. ती वीज महावितरणची. भांडुपची वीजही महावितरणचीच असल्यामुळे आम्हांला घारापुरीच्या लोकांबद्दल जी सहानुभूती वाटते, ती दादरच्या माणसाला वाटणार नाही.

एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांचे, बेटावरच्या दगडी हत्तीवरून ठेवलेले. इंग्रजांनी 1864 साली तो हत्ती विलायतेला न्यायचे ठरवले. उचलताना क्रेन मोडली, हत्तीचे तुकडे झाले, आणि पुढे ते जोडून हत्ती भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा केला. ज्याच्यावरून बेटाला नाव पडले तो स्वतः बेट सोडून मध्य रेल्वेच्या धिम्या गाडीच्या थांब्याजवळ राहायला आला. बेटवासीयांच्या मनाचा कल ओळखायला याहून जड पुरावा मिळणार नाही.

पहिली क्षेत्रभेट फसली. लोकलला गर्दी कमी म्हणून आम्ही रजा सोमवारची टाकली, आणि सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. हे आम्ही गेटवे ऑफ इंडियाच्या कट्ट्यावर बसून शिकलो. दोष आमचाच. कट्ट्यावर तिखटमिठाच्या पुऱ्या खाऊन परत आलो.

दुसऱ्या भेटीचा हिशेब घड्याळ लावून ठेवला. घर सोडले 7:25. टेंभीपाड्याहून शेअर रिक्षा, स्टेशनवर धिमी गाडी (बहुतेक जलद गाड्या भांडुपला मान न देता जातात), सीएसएमटी, मग बस, मग तिकिटाची रांग, मग बोट. बोटीच्या वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे पैसे आणि सीगल सर्वांना फुकट. सुमारे तासाभराने धक्का. धक्क्यापासून छोटी आगगाडी, तिथून सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. लेण्याच्या दारात पोचलो तेव्हा 11:50 झाले होते. चार तास पंचवीस मिनिटे श्रम जमा, विश्रांती शून्य. बेटावर पर्यटकाला रात्री मुक्काम करता येत नाही आणि शेवटची बोट साडेपाचच्या सुमाराला, त्यामुळे खर्चाच्या बाजूला परतीचेही तेवढेच लिहून ठेवले.

लेण्यांचा काळ साधारण सहावे शतक. 1987 पासून जागतिक वारसा. कलेवर बोलणारे पुष्कळ आहेत, आम्ही विषयाला धरून बोलतो. मधल्या भव्य सदाशिवाचे तीन चेहरे दिसतात, उंची वीसेक फूट. त्यांतला मधला, डोळे मिटलेला, अथांग शांत चेहरा पाहून लोक हात जोडतात. आम्ही तो रोज सकाळी पाहतो: ठाण्याहून खिडकीची जागा धरून आलेल्या माणसाचा, भांडुपला कुणी "जरा सरका" म्हटल्यावरचा.

पण आमच्या शास्त्राचा खरा शिलालेख पूर्वेच्या बाजूला आहे. तिथे एका शिल्पात शिवपार्वती कैलासावर निवांत बसले आहेत. थंड हवेचे ठिकाण, सोबत गण, कसली घाई नाही. आणि पार्वतीने मान फिरवली आहे. सोंगट्यांच्या डावावरून काहीतरी बिनसले असावे असे काही अभ्यासक मानतात. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या अज्ञात शिल्पकाराने सहकुटुंब सुट्टीचा दुसरा दिवस इतका अचूक पकडला आहे की आमच्या सौ.ही बराच वेळ त्या शिल्पासमोर उभ्या राहिल्या आणि काही बोलल्या नाहीत. समोरच्या शिल्पात रावण खालून कैलास हलवतो आहे. बरोबरच आहे. नवराबायको एका गोष्टीवर अबोला धरून जरा स्वस्थ बसतात न बसतात, तोच कुणीतरी येऊन सगळा डोंगर गदागदा हलवतो. आमच्या बाबतीत तो धाकटा होता. त्याला भूक लागली होती.

पुऱ्यांचा डबा उघडला, आणि उघडताक्षणी तो आमचा राहिला नाही. घारापुरीच्या माकडांनी मालमत्तेचा कायदा आपल्या परीने सोडवलेला आहे: जे झाकणाखाली ते तुमचे, जे दिसले ते सर्वांचे. एका माकडाने डबा नेला, दुसऱ्याने चष्म्याची केस. केसमध्ये चष्मा होता. पुढची पंचवीस मिनिटे आम्ही एका झाडाखाली उभे राहून त्या प्राण्याशी वाटाघाटी केल्या. शेवटी एका विक्रेत्या मावशींनी एक काकडी वर दाखवली आणि केस खाली पडली. काकडीचे पैसे आम्ही दिले. घाईघाईने धक्क्यावर पोचलो, तर ज्या बोटीचा बेत होता ती सुटलेली. पाण्यावर तिची शेपटी दिसत होती.

पुढची बोट यायला पाऊण तास. पायऱ्या पुन्हा चढायचे त्राण नाही. डबा नाही, त्यामुळे कुणाला वाढायचे नाही. सौ. भिंतीला टेकल्या. धाकटा पाय सोडून बसला आणि खेकडे मोजू लागला, अकरापर्यंत जाऊन पुन्हा एकपासून. चष्म्याची एक काडी वाकली होती, म्हणून आम्ही तो काढून ठेवला, आणि पलीकडची मुंबई एक राखाडी रेघ झाली. त्या रेघेत कुठेतरी ऑफिस असणार. भरती चढत होती, म्हणजे बेट बसल्या जागी लहान होत होते. कुणी काही बोलले नाही. घड्याळात पाहायचे राहून गेले, त्यामुळे या कालखंडाची नोंद हिशेबात नाही, आणि सबंध प्रबंधात एवढीच एक त्रुटी आहे.

परतीच्या बोटीत आम्ही सिद्धान्त बांधला: सुट्टी आणि सुटलेली बोट यांचा धातू एकच. भांडुपात दर पाचसहा मिनिटांनी पुढची गाडी असते, म्हणून तिथे काही सुटतच नाही.

आदितवारी हा सिद्धान्त कोकणनगरला आत्यापुढे मांडला. तिने निवडायचे तांदूळ बाजूला ठेवून सगळे ऐकून घेतले, साष्टी, क्लार्क, हत्ती, पार्वती, माकड आणि पाऊण तास धरून.

"म्हणजे थंय जावन केलस काय?"

"काही नाही आत्ये. नुसता बसलो."

"मेल्या, बसूचाच होता तर हयसर काय कमी बसतस?" असे म्हणून तिने परात आमच्याकडे सरकवली आणि खडे कसे ओळखायचे ते सांगितले.