विल्किन्सचं काय झालं?

अकाउंट्सची पुस्तकं रूक्ष असतात असं म्हणणाऱ्यांनी प्रकरणांच्या शेवटी दिलेली उदाहरणं वाचलेली नसतात. विद्यार्थी त्यांना ‘सम्स’ म्हणतात. या सम्समध्ये जेवढी माणसं मरतात, दिवाळखोर होतात आणि भांडून वेगळी होतात, तेवढी रात्री आठच्या मालिकेतही होत नाहीत. गोदामाला आग लागते, आणि मागाहून कळतं की मालाच्या निम्म्याच किमतीचा विमा उतरवला होता. कोलकात्याला पाठवलेला माल वाटेत फुटतो. रोखपाल गल्ला घेऊन पसार होतो. हे सगळं एकेका वाक्यात उरकतं. हळहळ नाही, चौकशी नाही. पुढचं वाक्य थेट: ‘आवश्यक ती खाती तयार करा.’

माझी भाची मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.एफ.ला आहे, म्हणून ही पुस्तकं सध्या आमच्या बैठकीत पडलेली असतात. दहावीला तिला चांगले मार्क होते. त्यामुळे तिने कॉमर्स घेतलं तेव्हा नातेवाईक भेटायला आले, ते समाचाराला आल्यासारखेच. “सायन्स मिळत नव्हतं का?” हा प्रश्न एका काकूंनी आवाज उतरवून विचारला. मी त्यांना सांगितलं की मुंबईत 1913 साली सिडनहॅम कॉलेज निघालं ते कॉमर्स शिकवायलाच, आणि पुढे खुद्द बाबासाहेब आंबेडकर तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. काकू म्हणाल्या, “हो, पण ते शिकवायला होते.” यावर मला काही सुचलं नाही.

परवा ती वहीत डोकं घालून बसली होती. मी सहज विचारलं, काय चाललंय.

“मामा, एक भागीदार गेला.”

“अरेरे. कधी?”

“30 जूनला. वर्षाच्या मध्येच गेला ना! आता एप्रिलपासूनचा तीन महिन्यांचा नफा वेगळा काढत बसा.”

तिच्या स्वरात दुःख होतं, पण ते त्या तीन महिन्यांचं. मेलेल्याचं भांडवल, ख्यातीतला वाटा, राखीव निधीतला वाटा, तीन महिन्यांचा नफा हे सगळं जमेला धरायचं, त्याने घरखर्चाला केलेली उचल वजा करायची, आणि उरलेली रक्कम वारसांच्या नावे कर्जखात्यात टाकायची. पाच मिनिटांत माणूस मार्गी लागला. आमच्याकडे तेराव्यानंतर सहा महिने तरी वाद चालतो.

हे बारावीचं झालं. त्या दिवशी शिकवणीच्या मुलांसाठी ती जुने धडे उगाळत होती. कॉलेजात गेलं की भागीदार एकटादुकटा मरत नाही, सगळी पेढीच मोडते. मालमत्ता एकदम विकली जात नाही. आज टेबलखुर्च्या, पुढच्या महिन्यात यंत्र, मग येणी, असा पैसा हळूहळू येतो. आधी विक्रीचा खर्च, मग बाहेरची देणी, मग भागीदारांनी दिलेली कर्जं, आणि काही उरलंच तर भांडवल. ते कोणाला आधी परत द्यायचं? यासाठी एक पद्धत आहे, तिचं नाव ‘कमाल तोटा पद्धत’. दर हप्त्याला असं धरायचं की यापुढे एक पैसाही येणार नाही, जे राहिलं ते सगळं बुडालं, आणि त्या हिशेबाने आजचे पैसे वाटायचे. पुढच्या महिन्यात पैसे आले, तर पुन्हा तसंच धरायचं. हे वाचून मला माझे वडील आठवले. त्यांनी बी.कॉम. केलं नव्हतं, पण बोनस हातात पडेपर्यंत तो येणार नाही असंच धरून त्यांनी तीन मुलांची शिक्षणं केली.

याच धड्यात गार्नर आणि मरे भेटतात. एका इंग्रजी खटल्यातल्या या दोन गृहस्थांना कॉमर्सची मुलं शतकभर ओळखतात. पेढी मोडली, तोटा आला, आणि एका भागीदाराकडे आपल्या वाट्याचं भरायला काहीच नव्हतं. त्याचा खड्डा बाकीच्यांनी कोणत्या प्रमाणात भरायचा? नफा तर ते सारखा वाटून घेत होते. न्यायाधीशांनी सांगितलं, भांडवलाच्या प्रमाणात. म्हणजे ज्याने विश्वासाने जास्त पैसे घातले, त्याच्याच अंगावर बुडीत जास्त. गार्नरचं भांडवल मोठं होतं, मरेचं थोडकं, तेव्हा गार्नरला काय वाटलं असेल ते तोच जाणे.

पण मला कुतूहल तिसऱ्याचं. दिवाळं निघालेल्या त्या भागीदाराचं नाव विल्किन्स. नियमाच्या नावात तो कुठेच नाही. ज्यांनी भरले त्यांची नावं दरवर्षी उत्तरपत्रिकांत चुकीच्या स्पेलिंगने लिहिली जातात, आणि ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो निवांत. आपल्याकडेही गावाला लग्नाचा खर्च वर्गणीने निघतो तेव्हा एक विल्किन्स असतोच, आणि फोटोत तो मधोमध असतो.

“मग हा नियम टाळता येत नाही का?” मी विचारलं.

“येतो की. करारात वेगळं लिहिलं असेल तर करार चालतो. लोक लिहीत नाहीत, कारण सुरुवातीला सगळे मित्र असतात.”

हे वाक्य तिने इतक्या सहज म्हटलं की मी तिच्याकडे पाहातच राहिलो. मला हे कळायला एक झेरॉक्सचं दुकान आणि एक चुलतभाऊ लागला होता.

डिसेंबरात त्यांच्या कॉलेजचा फेस्ट आहे. त्यात ती आणि दोन मित्र मिळून सँडविचचा स्टॉल लावतायत. कराराचा कागद तिने मला दाखवला. नफा समान. तिचे 2,000, मैत्रिणीचे 2,000, आणि तिसऱ्या मुलाच्या नावापुढे ‘स्कूटर (पेट्रोल वगळून)’. खाली ठळक अक्षरांत एक कलम: ‘गार्नर विरुद्ध मरे लागू नाही. तूट आल्यास तिघांनी सारखी भरावी.’

“यात विल्किन्स कोण?” मी विचारलं.

“तोच, स्कूटरवाला. आम्ही त्याला तेच म्हणतो.”

“त्याला राग येत नाही?”

“नाही ना, मामा. तो त्या लेक्चरला नव्हता.”