तिसऱ्या सुईचा मुहूर्त

सरकारने करोना लशीच्या तिसऱ्या सुईला बूस्टर म्हटलंच नाही. नाव ठेवलं ‘प्रिकॉशन डोस’. १० जानेवारी २०२२ ला बारसं झालं, तेव्हा मान होता आरोग्य कर्मचाऱ्यांचा, आघाडीवरच्यांचा आणि साठीपुढच्या व्याधिग्रस्तांचा. बाकीचे आम्ही बाह्या सरसावून रांगेबाहेर, ‘आमचा नंबर कधी?’ म्हणत.

१० एप्रिलला अठरापुढच्या सगळ्यांना मुभा मिळाली. पण खासगी केंद्रात, पैसे मोजून. कोविशिल्ड आदल्याच दिवशी ६०० वरून २२५ रुपयांवर उतरली होती, टोचणावळ जास्तीत जास्त १५०. लगेच आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर शास्त्रार्थ सुरू. मुळात गरज आहे का? अँटिबॉडी टिकतात किती दिवस? सगळ्यांत ठाम बोलणारे पंचावन्नचे काका दोनदा केंद्रावर चौकशी करून आले होते. दोन्ही वेळा दराची.

मग १५ जुलैपासून ७५ दिवस फुकट. स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव! दुसऱ्या डोसपासूनचं अंतरही नऊ महिन्यांवरून सहावर आलेलं. आता तरी? छे! ‘फुकट वाटतायत म्हणजे मुदत संपत आलेला माल असणार,’ असं काकांचं निदान.

काकू मात्र भाजी आणायला म्हणून गेल्या आणि एका हातात मेथीची जुडी, दंडावर कापूस, अशा परतल्या. काका म्हणाले, ‘‘अगं, ताप आला तर स्वयंपाकाचं काय?’’

ताप आला नाही. काका ३० सप्टेंबरपर्यंत विचार करत होते. १ ऑक्टोबरला चौकशीला गेले, तेव्हा पुन्हा पैसे पडत होते.