खिडकीजवळचे व्याख्याते

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिथली एक सोय कुणी फारशी वाखाणत नाही: कंटाळलेला श्रोता उठून घरी जाऊ शकतो. डेक्कन क्वीनमध्ये ही सोय नाही. मुंबई येईपर्यंत तीन तासांच्या वर वेळ, आणि शेजारी एक विचारवंत. ‘आपण कुठले?’ असं ते विचारतात, पण उत्तरासाठी थांबत नाहीत. लोणावळ्यापर्यंत शिक्षणपद्धती निकालात निघते, घाटात तरुण पिढी.

अनोळखी माणसांना विचार पटवण्यात गाडगेबाबांचा हात धरणारा आपल्याकडे क्वचितच कुणी झाला असेल. बाबा गावात शिरत ते खराटा घेऊन. आधी गाव झाडायचं, कीर्तन रात्री. त्यातही सांगणं कमी, विचारणं जास्त. सण साजरा करायला कर्ज कशाला? देवापुढे बकरं का कापता? पोरं शाळेत जातात का? उत्तरं गावकरीच देत आणि आपल्याच उत्तरात सापडत. कीर्तनकार मात्र पाया पडू देत नसे.

आमच्या विचारवंतांनी यातलं कीर्तन तेवढं उचललं. खराटा राहिला. त्यांच्या पायाशी शेंगांची टरफलं पडलेली असतात आणि विषय चालू असतो नागरिकांच्या बेशिस्तीचा!

तेव्हा वाचकहो, शेजाऱ्याला प्रश्न विचारलात तर निदान कर्जतपर्यंत उत्तर ऐकून घ्या. तेवढा दम निघत नसेल, तर या गाडीला डायनिंग कार आहे. तिथे जाऊन कटलेट खा.