अकरावं पान

डोंबिवली (पूर्व)
ऑगस्ट २०२५

आदरणीय समुपदेशक सर,



पत्रास कारण की, चिरंजीवांच्या करिअर अहवालाचं अकरावं पान काल रात्री मी पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात लिहिलंय, 'तिला समूहनृत्यात विशेष रुची असून भूगोल हा विषय तिने पुढे न्यावा.' आमच्या घरात 'ती' म्हणावं अशी मी एकटीच. माझं वय चव्वेचाळीस आणि मी आजवर वरातीतसुद्धा नाचलेले नाही. भूगोलाबद्दल म्हणाल तर डोंबिवली ते सीएसएमटी मधली सगळी स्टेशनं झोपेत सांगते, तेवढाच.

तक्रार करण्याआधी चांगलं ते सांगते. अहवालाचं स्पायरल बाइंडिंग उत्तम आहे. बत्तीस पानं, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर उगवता सूर्य आणि त्याच्याकडे तोंड करून उभा असलेला एक टायवाला मुलगा. साडेचार हजारांत आजकाल असं बाइंडिंग मिळत नाही.

आपल्याला आम्ही आठवणार नाही. मेअखेरीला आलो होतो, फरसाणच्या दुकानावरच्या आपल्या एसी ऑफिसात. यंदा पहिल्यांदाच अख्ख्या राज्याची अकरावी ऑनलाइन, २१ मेला सुरू व्हायचं ते संकेतस्थळ पहिल्याच दिवशी बसलेलं, २६ मेपासून पुन्हा नोंदणी. त्या धांदलीतले आम्ही एक. आपण टक्के विचारलेत. चिरंजीव म्हणाले, "एकसष्ट पॉइंट ऐंशी." आपण ते संगणकात भरलंत, पडद्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "हं."

सर, त्या 'हं'चे पैसे वेगळे घ्यायला हवे होते. असा 'हं' मी आजवर एकदाच ऐकलाय, सासऱ्यांचा एक्स-रे उजेडाला धरून डॉक्टरांनी काढलेला.

मग आपण मुलाच्या दहाही बोटांचे ठसे घेतलेत. याआधी ते आधार कार्डासाठी घेतले होते, पण तिथे कुणी ठशांवरून त्याचा मेंदू डावा की उजवा हे सांगितलं नव्हतं. बोटांच्या रेषांवरून मुलाची बुद्धी कळते याला शास्त्रात काडीचा आधार नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी त्याचा अंगठा धरून यंत्रावर नीट दाबला. घाबरलेली आई काय काय दाबते, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

ठशांतून आणि गुणपत्रिकेतून आपण शोधून काढलंत की या मुलात एक कलावंत दडलेला आहे. कारण काय, तर ५०० पैकी ३०९ गुणांत तीन गुण चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचे होते. 'सी' श्रेणीला तीनच मिळतात, सर. त्याच्या स्थिरचित्रातला माठ डावीकडे इतका कलला होता की त्याच्या आजीने कागदाखाली हात धरला, पाणी सांडेल म्हणून. त्या माठावरून आपण आर्किटेक्चरपर्यंत गेलात. "प्रत्येक मुलात एक हिरा दडलेला असतो मॅडम, आपण फक्त पैलू पाडायचे."

इथेच माझं आणि आपलं बिनसलं. माझ्या मुलात काहीही दडलेलं नाही. आहे ते सगळं वर दिसतं. तो बऱ्यापैकी कॅरम खेळतो. दूध आणायला सांगितलं की दुसऱ्या हाकेला उठतो. इतिहास वाचतो पण सनावळ्या विसरतो. गणितात त्याला बावन्न पडले आणि पेपर पाहिला तर ते बरोबरच आहेत, बोर्डाने अन्याय केलेला नाही. आता चांगल्या कॉलेजात जाण्याचा हक्क मिळवायला त्याने आधी छुपा हिरा निघायचं का? साध्या मुलाला साधं, धड कॉलेज मिळू नये, असा काही शासन निर्णय निघालाय का? निघाला असेल तर त्याची प्रत स्पायरलमध्ये घालायची होती, अकराव्या पानावर जागा होती.

आणि हा एकटा नाही हो. यंदा दहावीला १४ लाख ५५ हजार ४३३ पोरं पास झाली. शंभर टक्केवाली २११. त्यांचे फोटो आपल्या जिन्यात खालपासून वरपर्यंत. प्रथम श्रेणीवाली, म्हणजे याच्या पंगतीतली, ४ लाख ९७ हजार. द्वितीय श्रेणीत आणखी ३ लाख ६० हजार. साडेआठ लाखांवर पोरं, आणि सबंध डोंबिवलीत त्यांच्यासाठी एक फ्लेक्स नाही. पेढ्यांचा खोका मी दुकानातून घरी आणला तो पिशवीत उलटा घालून, लिफ्टमध्ये कुणी 'किती?' विचारू नये म्हणून. तरी विचारलंच. बारामतीच्या मावशींनी फोनवर "असू दे गं, तब्येत महत्त्वाची" म्हटलं. त्यांचं पत्र वेगळं लिहिणार आहे.

मग आपण सायन्स सुचवलंत. गणितात बावन्न, विज्ञानात अठ्ठावन्न, आणि सायन्स. "सायन्स घेतलं की सगळे दरवाजे उघडे राहतात." दरवाजे सगळे उघडे ठेवले की घरात मांजर शिरतं, सर. आमच्या आठव्या पर्यायात शिरलं, ते पुढे सांगते.

पर्यायांची यादी आपण अगदी झोकात केलीत. दहा जागा होत्या, दहाही भरल्यात. पहिली सात कॉलेजं अशी, की जिथलं सायन्स नव्वदीच्या आसपास बंद होतं. त्यातलं एक माटुंग्याला. डोंबिवलीहून जलद गाडी माटुंग्याला थांबत नाही. एकतर धीम्या गाडीत तासभर लोंबकळायचं, नाहीतर जलदने दादरला उतरून उलट एक स्टेशन मागे यायचं. सकाळी सातनंतर डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर आपण शेवटचे कधी उभे होतात? मी रोज असते. पण मी हे बोलले नाही. मला वाटलं, यात काहीतरी डाव असेल, मोठ्या डॉक्टरांचं अक्षर कळत नाही तसा.

आणि तेव्हाच, टक्के सांगितल्यानंतर चाळीस मिनिटांत पहिल्यांदा आणि शेवटचं, चिरंजीवांनी तोंड उघडलं. आपण आठव्या क्रमांकाचं कॉलेज वाचून दाखवत होतात. तो म्हणाला, "सर, तिथे शिकवतात का?"

आपण हसलात. "अरे राजा, शिकायला क्लास असतो ना!"

टेबलावरचं पेन त्या क्लासचं होतं. कॅलेंडर त्या क्लासचं. पाण्याच्या बाटलीवर त्या क्लासचा शिक्का. मी ते सगळं पाहिलं आणि मीही हसले.

गेले दोन महिने मला झोप लागत नाही ती तुमच्या हसण्याने नाही, माझ्या हसण्याने. या अख्ख्या हंगामात मी जितकी माणसं पाहिली, म्हणजे तुम्ही, मी, शेजारचे, मावशी, शाळेतल्या बाई, त्यांत नेमका प्रश्न फक्त त्या पोराने विचारला. अकरावीच्या राज्यभर वीस लाखांवर जागा आहेत. पास झालेली पोरं साडेचौदा लाख. म्हणजे बाकडं प्रत्येकाला आहे, वर लाखो बाकडी उरतात. तुटवडा बाकड्यांचा नाहीच! तुटवडा आहे तो बाकड्यासमोर खडू घेऊन उभं राहणाऱ्या माणसाचा. आणि त्या माणसाबद्दल तुमच्या बत्तीस पानांत एक ओळ नाही. कोणत्या कॉलेजात तास होतात, कुठे प्रयोगशाळेला वर्षभर कुलूप असतं, कुठे अकाउंट्सचे सर दोन वर्षांत तीनदा बदलले, हे तुम्हाला माहीत नाही असं म्हणू नका. तुमचा धंदाच तो आहे! बुद्धिमत्तेच्या रंगीत चक्राला चार पानं, आणि पॉलिटेक्निक व आयटीआय मिळून एकोणतिसाव्या पानावर दीड ओळ, 'इतर पर्याय' म्हणून. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा असतो. हे मला आमच्या मीटरचं काम करायला आलेल्या मुलाने फुकट सांगितलं. चहाही नको म्हणाला.

असो. आवाज चढला. उपरोधाने लिहायचं ठरवून बसले होते.

पहिल्या फेरीत आठव्या पर्यायाचं कॉलेज लागलं. स्टेशनपासून रिक्षाने पंचवीस मिनिटं. खिडकीवरच्या क्लार्कने सांगितलं, "इंटिग्रेटेड आहे. इथे फक्त प्रॅक्टिकलला यायचं, रोजचं शिकणं क्लासमध्ये." क्लास तोच, बाटलीवरचा. दोन वर्षांचे एक लाख ऐंशी हजार, कॉलेजची फी वेगळी. पहिल्या पसंतीचं लागलं असतं तर घ्यावंच लागलं असतं. आठव्याचं सोडून पुढच्या फेरीला थांबता येत होतं. आपल्या यादीचा तेवढा एक उपकार झाला, मांजर परत बाहेर काढता आलं.

मग मी दोन दिवस रजा टाकली आणि मुलाला घेऊन चालत निघाले. बारावीचे वर्ग सुरू झाले होते. चार कॉलेजं पाहिली आणि चारही ठिकाणी ऑफिसात न जाता आधी वॉचमनपाशी थांबले. पहिल्याने विचारलं, "डोनेशनसाठी आलात का?" दुसऱ्या कॉलेजात सकाळी अकराला वर्ग रिकामे आणि कॅन्टीन भरलेलं. तिसऱ्यात आत सोडलं नाही. चौथ्या कॉलेजातले काका तंबाखू मळत होते. मी विचारलं, "तास होतात का हो?" त्यांनी आधी मुलाकडे बघितलं. तुम्ही चाळीस मिनिटांत केलं नाहीत ते त्यांनी पहिल्या झटक्यात केलं. मग त्यालाच म्हणाले, "कॉमर्सचे होतात. इकॉनॉमिक्सच्या मॅडम गुरुवारी उशिरा येतात, पण येतात. सायन्सचं मी काही सांगत नाही." वर जिन्यात उभे राहिलो तर एका वर्गातून जर्नल एंट्रीवर कुणीतरी ओरडत होतं. इतकं गोड ओरडणं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. चिरंजीव दाराच्या फटीतून पाच मिनिटं बघत उभे राहिले. खाली येऊन म्हणाले, "फळा भरलेला होता."

दुसऱ्या फेरीत तेच पहिलं टाकलं. मिळालं. कॉमर्स, घरापासून चालत सतरा मिनिटं.

इथे हे पत्र संपवून मी आपल्याला आणखी चार शालजोडीतले देणार होते. पण मधे मी एकदा आपल्याकडे येऊन गेले, पहिली यादी लागल्यावर भांडायला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. एसी बंद, आपण खिडकीपाशी. टेबलावर डबा, झाकण अजून बंद. फोनवर कुणी वडील तुम्हाला झाडत होते, चौऱ्याण्णव टक्के असून हवं ते कॉलेज लागलं नाही म्हणून. तुम्ही "साहेब, यादी माझ्या हातात नसते हो" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होतात. फोन ठेवून मला बसायला सांगितलंत. मी तोंड उघडायच्या आत म्हणालात, "मॅडम, खरं सांगू? आलेल्या दर दुसऱ्या पालकाला मला सांगावंसं वाटतं, घराजवळचं बघा, आत जाऊन तास होतात का ते बघा. सुरुवातीला सांगायचोसुद्धा. लोक उठून जायचे. म्हणायचे, हे तर आम्हालाही कळतं, याचे पैसे कशाला? ऑफिसचं भाडं तर दर महिन्याला येतं."

मी भांडले नाही. कारण मीही उठून गेले असते. 'जवळचं बघा' याचे साडेचार हजार मी दिले नसते. ठसे, चक्र, हिरा, सूर्य याचे दिले, लगेच, गुगल पेने.

डब्यात काय होतं ते पाहता आलं नाही. गवारीची भाजी असावी, वासावरून.

तर मुख्य विनंती. पैसे परत नकोत. ते अकरावं पान मात्र मी स्पायरलमधून सोडवून सोबत जोडलंय. ही मुलगी कोण ते आपल्या संगणकात असेलच. तिला नाचायला आवडतं हे तिच्या ठशांतून नाही, तिने स्वतः सांगितलं म्हणून आलं असावं. उरलेल्या एकतीस पानांत कुणी तोंडाने सांगितलेलं काहीच नाही. तिच्या अहवालात या जागी आमच्याकडचं पान गेलं असणार आणि आता तिची आई तिला कललेल्या माठावरून आर्किटेक्चरला घालायला निघाली असेल. तिच्या कॉलेजचा प्रवेश व्हायच्या आत हे पोचतं करा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
३०९ गुणांची आई

ता. क. : गुरुवारी इकॉनॉमिक्सच्या मॅडम वीस मिनिटं उशिरा आल्या. आल्या पण.