नवे सर

राज्यातल्या कोणत्याही अनुदानित माध्यमिक शाळेच्या शिक्षक-खोलीत डोकावून बघा. दाराजवळच्या डुगडुगत्या खुर्चीवर एक गृहस्थ अर्धेच टेकलेले दिसतील. पूर्ण टेकलं तर कोणीतरी ‘आरामात आहात!’ म्हणेल, ही धास्ती. हे नवे सर. मस्टरवर त्यांचं नाव वेगळं आहे, पण ते बघायला कोण जातं? पाचवीच्या ज्या पोरांना त्यांनी अपूर्णांक शिकवले, ती आता नववीत आहेत, त्यांना मिसरूड फुटलंय, त्यांतली काही चोरून मोटरसायकल चालवतात; तीही ‘नवे सर आले रे!’ असंच ओरडतात. मध्यंतरी शाळेचं नवं फाटक गंजलं, नवी इमारत गळायला लागली. सर नवेच.

सरकारी भाषेत हे शिक्षणसेवक. राज्यानं २००० साली ही योजना आणली तेव्हा बोली सरळ होती. तीन वर्षं मानधनावर काम करा, काम समाधानकारक वाटलं तर वेतनश्रेणी घ्या. माध्यमिकला मानधन आधी ४,००० होतं, पुढे ८,००० झालं आणि १ जानेवारी २०२३ पासून १८,०००. खासगी शाळांच्या नोकरवर्गासाठी १९७७ चा जो कायदा आहे, त्याच्या पाचव्या कलमात तर स्वच्छ लिहिलंय की तीन वर्षं पुरी झाली की सेवक शिक्षक म्हणून कायम झाला असं मानण्यात येईल. नवे सरांना हे कलम उपकलमासकट पाठ आहे. म्हणजे कायद्यानं ते केव्हाच कायम झालेत, फक्त पगाराला अजून ते कळलेलं नाही. सध्या त्यांच्या तीन वर्षांचं पाचवं वर्ष चालू आहे.

सरांची नेमणूक गणित-विज्ञानाला. शिकवतात ते गणित, विज्ञान, हिंदी, चित्रकला आणि त्या दिवशी जो कोणी रजेवर असेल त्याचं जे काही असेल ते. ऑफ तासांचा कागद घेऊन निघालेले शिपाईमामा वाटेत कुठं थांबत नाहीत, थेट दाराजवळच्या खुर्चीशी येतात. हेडसरांचं एक आवडतं वाक्य आहे: ‘तेवढं बघून घ्या.’ या ‘तेवढं’मध्ये आजवर युडायसची माहिती, सरलवर पोरांच्या आधारची जुळवणी, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, सहलीची एसटी, विज्ञान प्रदर्शनातला न पेटणारा ज्वालामुखी आणि एकदा हेडसरांच्या जावयाचं पॅनकार्ड एवढं मावलंय. ज्येष्ठ मंडळी डब्याचं झाकण उघडत म्हणतात, ‘नव्या माणसाला कामं दिली पाहिजेत. शिकतो त्यानं.’

कायम झालेल्या माणसाच्या चालण्यात एक भारदस्तपणा येतो. घंटा झाली की तो आधी चहा संपवतो, मग खडू शोधतो, मग चष्मा शोधतो, आणि वाटेत एखाद्या पोराला ‘शर्ट आत घाल’ म्हणत वर्गाकडे निघतो. नवे सर घंटेच्या आधी दारात उभे. किरकोळ रजा त्यांना लागू आहे, हे त्यांनी ऐकलंय. मागे अंगात ताप असताना आले आणि तापाबद्दल हेडसरांची माफी मागितली.

आता तीन वर्षं ‘काम समाधानकारक आहे का’ हे बघायचं, अशी सगळी योजना. पण बघितलं कुणी? एवढ्या काळात त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसलेला एकच मोठा माणूस: पावसात आडोशाला आलेला पोस्टमन. सर तेव्हा पोरांना सुतळी धरायला लावून काटकोन करून दाखवत होते. सुतळीचे बारा सारखे भाग, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला चार, तिरप्या बाजूला पाच. तिघांनी ताणून धरली की कोपऱ्यात गुण्या लावून बघा, चुकत नाही. पाऊस थांबल्यावरही पोस्टमन थोडा वेळ बसून होता. जाताना म्हणाला, ‘छान शिकवता हो!’ हा शेरा फाइलला जोडता येत नाही.

फाइलला जोडतात तो गोपनीय अहवाल. पहिल्याच वर्षी हेडसरांनी छापील नमुना पुढे सरकवला. ‘सर, तुमचं अक्षर सुरेख आहे. तेवढं तुम्हीच लिहून ठेवा, मी सही करतो.’ नवे सर संध्याकाळी घरी तो कागद घेऊन बसले. खाली शेऱ्यांच्या पायऱ्या होत्या: अत्युत्कृष्ट, उत्कृष्ट, निश्चित चांगला, चांगला, साधारण. आपणच आपल्याला उत्कृष्ट म्हणायचं? घरात तशी रीत नव्हती. ‘निश्चित चांगला’वर पेन टेकलं, पण ‘निश्चित’ कशावरून, असं कुणी विचारलं तर? ‘चांगला’ लिहिलं तर हेडसर म्हणतील, बरंच चढून गेलंय पोरगं. त्यांनी ‘साधारण’ लिहिलं. हेडसरांनी न वाचता सही केली. दुसऱ्या वर्षी एकदम वर कसं जायचं, म्हणून पुन्हा साधारण. तिसऱ्या वर्षी सवय झाली होती.

वेतनश्रेणीचा प्रस्ताव शिक्षणाधिकारी कार्यालयात गेला आणि दोन महिन्यांनी परत आला. त्रुटी: तिन्ही वर्षांचे शेरे साधारण असल्यानं सेवकाचं काम समाधानकारक असल्याबाबत मुख्याध्यापकांचा स्वयंस्पष्ट अहवाल जोडावा. हेडसर म्हणाले, ‘अहो, असं कुणी लिहिलं?’ सर गप्प. तो स्वयंस्पष्ट अहवालही मग सरांनीच लिहिला. सुरेख अक्षरात, स्वतःच्या साधारणपणाचं खंडन करणारा. सोबत पुढची त्रुटी आलीच. पानांवर क्रमांक नाहीत. क्रमांक टाकले. मग शिक्का पुसट. शाळेचा शिक्का खरोखरच पुसट होता. सरांनी स्वतःच्या मानधनातून नवा करून आणला.

मला विचाराल तर यात लबाड असा कुणी एक नाही. फाइल अडवून कुणी हात चोळत बसलेलं नसतं. फक्त ती पुढे जावी असं मनापासून वाटणारा साऱ्या जिल्ह्यात एकच माणूस असतो, आणि त्याचीच ती फाइल असते. हेडसरांना ‘तेवढं’ बघणारा लागतो. ज्येष्ठांना ऑफ तास घेणारा लागतो. नवे सर उद्या कायम झाले तर तांदळाचा हिशेब कोण करणार, हा प्रश्न शाळेला पडलेला आहे. तो कुणी मोठ्यानं विचारत नाही इतकंच.

चौथी त्रुटी सगळ्यांत कठीण निघाली. संस्थेच्या ठरावावर सचिवांची सही होती, अध्यक्षांची नव्हती. संस्थेत दोन तट. खरं कार्यकारी मंडळ कुणाचं, हा वाद धर्मादाय आयुक्तांपुढे, फेरफार अहवाल तिथं पडून. अध्यक्ष आणि सचिव एका लग्नाच्या पंगतीलाही एका ओळीत बसत नाहीत. नवे सरांच्या कागदावर मात्र दोघांना शेजारी शेजारी बसायचं होतं.

सर आधी अध्यक्षांकडे गेले. बटणाची पारदर्शक फाइल छातीशी धरलेली. तीत प्रत्येक कागदाच्या साक्षांकित प्रती, पासपोर्ट फोटोंचं पाकीट आणि जादा शाईची डबी. ती फाइल ते जेवतानाही मांडीवर ठेवतात असं मामा सांगतात. अध्यक्ष झोपाळ्यावर होते.

‘सही काय, करू की. पण पंधरा ऑगस्टला मला बोलायचंय. तुम्ही लिहिता म्हणे चांगलं. जरा कडक लिहा. संस्थेत काही मंडळी घुसलीत, त्यांना लागेल असं.’

सरांनी लिहून दिलं. तिथून निघाले ते सचिवांकडे, ठरावाची दुरुस्त प्रत पुन्हा सही करून घ्यायला. सचिव म्हणाले, ‘अध्यक्ष परवा भाषण ठोकणारेत असं कळलंय. मला त्याला उत्तर हवंय. तयार ठेवायचं, आयत्या वेळी सुचल्यासारखं वाटलं पाहिजे.’

सरांनी तेही लिहून दिलं. स्वातंत्र्यदिनाला झेंडावंदन झाल्यावर अध्यक्ष बोलले आणि पालक सावरून बसले. सचिव उठले, त्यांनी मुद्द्याला मुद्दा असा काही भिडवला की मागच्या रांगेतून टाळ्या आल्या. असा वाद गावानं जिल्हा परिषदेच्या निवडणुकीतही ऐकला नव्हता. नवे सर ध्वजाच्या दोरीजवळ उभे होते. दोन्हीकडची वाक्यं त्यांचे ओठ आधीच पुटपुटत होते, हे फक्त पहिल्या रांगेतल्या मुलींनी पाहिलं. संध्याकाळी अध्यक्षांनी सही केली आणि म्हणाले, ‘त्याला भाषण लिहून देणारा कोण आहे, जरा शोधा. तेवढं बघून घ्या.’

लग्नाचं काय, हा प्रश्न येतोच. एक स्थळ आलं होतं. मुलीचे वडील शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले अधीक्षक. साधारण मुलीकडचे विचारतात पगार किती, शेती किती, घर स्वतःचं का. या गृहस्थांनी कांदेपोह्यांची बशी खाली ठेवून विचारलं, ‘प्रस्ताव आवक झाला का? आवक क्रमांक काय?’ सरांनी तोंडपाठ सांगितला. मग संच मान्यता, बिंदुनामावली, जात वैधता असं सगळं झालं. मुलगी आत चहा घेऊन ताटकळत होती. शेवटी गृहस्थ म्हणाले, ‘फाइल पूर्ण आहे. पण मंजुरीशिवाय आम्हाला पुढे जाता येणार नाही.’ उठताना मात्र त्यांनी जुन्या कार्यालयात फोन लावला आणि कुठल्या टेबलावर काय अडलंय ते सरांना काढून दिलं. सरांच्या आईला हे स्थळ हातचं गेल्याचं अजून वाईट वाटतं. सर म्हणतात, तेवढ्या तासाभरात जेवढं काम झालं तेवढं वर्षभरात झालं नव्हतं.

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यात संप झाला. १४ तारखेला सुरू झाला, २० ला मागे घेतला. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, ती त्यांनाही द्या, ही मागणी. म्हणजे भांडण नवे सरांसारख्यांसाठीच होतं, आणि नवे सरांनाच त्यात जायची सोय नव्हती; कायम नसलेल्या माणसानं संपावर जायचं म्हणजे घरीच जायचं. फाटकाबाहेर सगळा स्टाफ ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत बसलेला, आणि आत पाचवी ते नववीचे वर्ग मैदानावर एकत्र बसवून नवे सर पाढे म्हणून घेतायत. घोषणा थांबली की सत्तावीसचा पाढा ऐकू यायचा. अकरा वाजता त्यांनी मामांबरोबर बाहेर चहा पाठवला. ज्येष्ठ शिक्षक कप उचलत म्हणाले, ‘तुमच्यासाठीच चाललंय हो हे!’ आतून पोरांचा आवाज आला: सत्तावीस चोक अठ्ठोत्तरशे. पोरं चुकली नव्हती.

मंजुरीचा आदेश आला तेव्हा कुणाचीच तयारी नव्हती. मूळ वेतन ३८,६००, तीन वर्षं पुरी झाली त्या तारखेपासून लागू. फरकाची रक्कम वेतन पथकाकडून, यथावकाश. सरांनी पेढे आणले. शिक्षक-खोलीत दाराजवळची खुर्ची सोडून आत बसा, असा आग्रह झाला. ते आतल्या खुर्चीवरही अर्धेच टेकले. पेढा खाताना ज्येष्ठांनी उपदेश केला, ‘आता नाही म्हणायला शिका. कायम माणसाला ते यायला पाहिजे.’

सरांनी तो मनावर घेतला. डिसेंबरात स्नेहसंमेलन आलं. हेडसर व्हरांड्यातूनच म्हणाले, ‘सर, सूत्रसंचालन, मंडप, लाऊडस्पीकर... तेवढं बघून घ्या.’

‘सर, या वर्षी जमणार नाही.’

हेडसरांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा सांगितलं, सरांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. शिक्षक-खोलीत ज्यांनी उपदेश केला होता ते सगळे एकाएकी वह्या तपासायला लागले, कारण संमेलन आता त्यांच्याकडे येणार होतं. आणि ते आलंच. लाऊडस्पीकरवाला दुसऱ्या दिवशी उगवला. अध्यक्षांनी एक प्रमुख पाहुणे बोलावले, सचिवांनी दुसरे, आणि हार एकच होता. नवे सर पालकांच्या रांगेत पुतणीला मांडीवर घेऊन बसले होते. कोळीगीताच्या मध्येच वीज गेली तेव्हा त्यांचा हात सवयीनं खिशातल्या टेस्टरकडे गेला, पण ते उठले नाहीत.

मार्चअखेरीस हेडसरांनी सरांचा गोपनीय अहवाल पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं लिहायला घेतला. जागा पुरेना म्हणून जादा पान जोडलं. हेडसरांचं लिहिलेलं त्यांना स्वतःलाही दुसऱ्या दिवशी वाचता येत नाही. नक्कल करायला बसलेल्या क्लार्कला तर एक ओळ लागेना. त्यानं कागद उजेडात धरून पाहिला, उलटा करून पाहिला, आणि मामांना हाक मारली, ‘जरा नवे सरांना बोलवा हो. हेडसरांचं अक्षर त्यांनाच लागतं.’