दिव्याखाली वायर

जीप जन्माला आली ती लपायला. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या डाव्या मडगार्डवर वरून झाकलेला एक मिणमिणता दिवा असे. विमानातून दिसू नये आणि चालकाला रस्त्याचा नुसता अंदाज यावा, एवढाच त्याचा उजेड. मोठे हेडलाइट होते, पण तेही बिजागरीवर. पेच सैल केला की दिवा उलटा फिरवून थेट इंजिनावर पाडता येई. जीपवाल्याला उजेड रस्त्यापेक्षा बोनेटखाली जास्त लागणार, हे त्या मंडळींनी १९४०च्या दशकातच ओळखलं होतं.

आज त्याच जीपच्या नातवंडांच्या टपावर एलईडीच्या एवढाल्या पट्ट्या दिसतात. रविवारी सकाळी लख्ख उन्हात या गाड्या मिसळ खायला निघालेल्या असतात. रानावनात जायचं म्हणून बसवलेल्या त्या दिव्यांनी पाहिलेलं सगळ्यात घनदाट रान म्हणजे डेक्कनवरचं पार्किंग. माझं तसं नाही, असं मी घरी सांगितलं. पावसाळ्यात रात्री ताम्हिणी घाट उतरायचा तर जादा दिवे हवेतच. घरून उत्तर आलं, ‘मग दिवसा उतरा.’ या युक्तिवादाला जगातल्या कुठल्याही जीपवाल्याकडे उत्तर नाही. म्हणून मी ते न देता दुकानात गेलो.

दुकानात दिवे ल्युमेनवर विकतात. १८ वॅटच्या एका पट्टीच्या खोक्यावर ६०,००० ल्युमेन असं छापलेलं होतं. आता विज्ञान असं सांगतं, की एक वॅट शक्ती पूर्णच्या पूर्ण, डोळ्याला सर्वांत जास्त जाणवणाऱ्या हिरव्या प्रकाशात बदलली तरी तिच्यातून ६८३ ल्युमेनच निघतात. म्हणजे प्रत्यक्ष ब्रह्मदेव वायरिंगला बसला तरी १८ वॅटमधून १२,३०० च्या वर सरकता येत नाही. उरलेले सत्तेचाळीस हजार ल्युमेन खोका छापणाऱ्यानं पदरचे घातले होते. एवढं दातृत्व मला पेलवेना. मी ५५ वॅटचे साधे दोन हॅलोजन घेतले. दुकानदार हळहळला.

दिवे घेऊन गॅरेजात गेलो. मिस्त्रींनी दिव्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘वायर कुठंय?’

मी खोक्यासोबत आलेली वायर पुढे केली. त्यांनी ती दोन बोटांत धरून उजेडाकडे नेली. ‘साहेब, ही दिवाळीच्या माळेची. ही गाडीत घातली तर दिवाळी गाडीतच होणार.’

मग त्यांनी हिशोब मांडला. दोन दिवे, ११० वॅट. भागिले १२ व्होल्ट. झाले नऊच्या वर अँपिअर. एवढा करंट डॅशबोर्डवरच्या इवल्याशा स्विचमधून सोडला तर आधी स्विच तापतो, मग त्याचे पॉइंट जळतात आणि मग वास येतो. वास येईपर्यंत बहुतेक मालक गाणी ऐकत असतात. यावर उपाय रिले.

रिले सरकारी कचेरीच्या धर्तीवर चालतो. स्विच म्हणजे साहेब. साहेब फक्त सही करतात, आणि सहीला पाव अँपिअरही लागत नाही. त्या सहीसरशी आतल्या तांब्याच्या गुंडाळीचं लोहचुंबक होतं, ते एक पातं खेचून घेतं आणि बॅटरीकडचं नऊ अँपिअरचं गाठोडं शिपाई दुसऱ्या दारानं दिव्याकडे नेतो. फरक एवढाच, की इथे काम तत्काळ होतं आणि झाल्याचं ‘टक्’ असं कळवलंही जातं.

या रिलेला पाय पाच. तुम्ही-आम्ही त्यांना एक ते पाच म्हणालो असतो. पण आकडे पडले जर्मन मानकातले, डीआयएन ७२५५२. त्यामुळे पायांची नावं ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७ए. तीसवर बॅटरी, सत्त्याऐंशीवर दिवा, पंच्याऐंशी आणि शहाऐंशीवर साहेबांची सही. कोलोनचा वायरमन आणि कोल्हापूरचा वायरमन एकमेकांना चहासुद्धा विचारू शकणार नाहीत, पण तीस नंबर कुठला यावर दोघांचं एकमत असतं. मराठी माणसांचं एवढं एकमत मी एकाही सोसायटीच्या सभेत पाहिलेलं नाही.

पाचवा पाय, ८७ए, हा विघ्नसंतोषी. रिले झोपलेला असताना तीसची गाठ याच्याशी असते; रिले जागा झाला की सुटते. माझ्या एका मित्रानं घाईत दिव्यांची वायर याच पायाला खोचली. स्विच चालू केला की दिवे बंद, आणि बंद केला की लख्ख. ‘सवय होईल,’ असं त्याचं मत पडलं. रात्री तो स्विच बंद करून निजला. सकाळी बॅटरी निजलेली होती.

मिस्त्रींचा खरा जीव मात्र फ्यूजवर. पंधरा अँपिअरचा फ्यूज त्यांनी बॅटरीच्या अगदी कुशीत बसवला. दिव्याजवळ का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘वायर मध्येच कुठे पत्र्याला घासली न्‌ अर्थ झाली, तर बॅटरी ओतायची थांबत नाय. फ्यूज पुढं असेल तर तो बसतो बघत.’ पत्र्यातून वायर जिथे आरपार जाते तिथे त्यांनी रबर घातलं. अर्थ द्यायच्या जागेवरचा रंग पॉलिश पेपरनं खरवडून पत्रा उघडा केला. रंगावर अर्थ घेणारे वायरमन असतात. त्यांच्या गाड्यांचे दिवे नवस बोलल्यावर लागतात.

वायर जाड का, हेही त्या दिवशी कळलं. हॅलोजनला व्होल्टचा हावरटपणा फार. बारीक वायरनं आणि जुनाट जोडांनी व्होल्टेज खाल्लं आणि १२ ऐवजी १०.८ व्होल्ट पोचले, तर उजेड दहा नव्हे, सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. मग माणूस दुकानात जाऊन शंभर वॅटचा बल्ब आणतो. त्यानं करंट वाढतो, वायर आणखी तापते, व्होल्ट आणखी गळतात. या रीतीनं अंधार विकत घेणारे पुष्कळ लोक मला माहीत आहेत.

साहेबांची सही मिस्त्रींनी थेट बॅटरीवरून न घेता हेडलाइटच्या अप्परच्या वायरवरून घेतली. म्हणजे अप्पर असेल तरच हे दिवे लागणार; डिपर दिला की एका बोटात सगळे गप्प. माझ्या मते अख्ख्या वायरिंगमधली ही एकच वायर सुसंस्कृत म्हणावी अशी.

दिव्यांची नजर जमवायला रात्री गाडी सोसायटीच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर उभी केली. मी पेच ढिला करताच उजवा दिवा तिसऱ्या मजल्यावर गेला. तिथले काका गॅलरीत आले. ‘शूटिंग आहे का हो?’ नाही म्हटल्यावर ते जरा नाराज झाले, पण मग खाली येऊन ‘डावीकडे, अजून डावीकडे’ असं दिग्दर्शन त्यांनीच केलं. वर जाताना म्हणाले, ‘पिवळी काच लावा. पिवळा उजेड धुकं फोडतो.’

हे मला तोवर निदान दहा जणांनी सांगितलं होतं. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत नव्या मोटारींना पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. पण धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या मानानं एवढे मोठे असतात, की ते पिवळा-पांढरा असा भेदभाव न करता सगळाच उजेड उधळून लावतात. धुक्यात दिव्याचा रंग नव्हे, उंची कामाला येते. दिवा बंपरशी, खाली, आणि झोत रुंद न्‌ चपटा. टपावरची झगझगीत पट्टी धुक्यात लावली तर पुढे पांढरी भिंत उभी राहते, आणि धुकं नसेल तेव्हा चालकाला स्वतःचं बोनेट अतिशय स्वच्छ दिसतं.

राहता राहिला कायदा. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड आहे, वर तुरुंगवासाचीही सोय आहे. दोन दिवे म्हणजे एक फेरफार की दोन, हे मी हवालदाराला विचारलेलं नाही, तुम्हीही विचारू नका. रस्त्यावर असताना दिव्यांवर झाकणं घाला आणि ते खरोखरीच्या रानवाटांसाठी ठेवा.

बिलात दिव्यांपेक्षा वायर, रिले, फ्यूज आणि मजुरी जास्त भरली. रक्कम योग्य होती. पैसे कमी पडत असतील तर दिवे स्वस्तातले घ्या, वायर मात्र मिस्त्री सांगतील तीच घ्या. आणि घाटात समोरून एसटी आली की डिपर द्या. तिच्यात बरेचदा आमची आत्या असते.