घरच्या घरी मुंडावळ्या अर्थात कपाळशास्त्र प्रवेशिका

लग्न ठरले की घरातली एक तरी मावशी जाहीर करते, "मुंडावळ्या मी घरीच करणार." या घोषणेला विरोध करू नये, विरोधाने निर्धार पक्का होतो. पैसे वाचावेत म्हणून कोणी मुंडावळ्या घरी करत नाही. मांडवात कुणीतरी "अय्या, कुठून घेतल्या?" असे विचारावे आणि आपण "छे, घेतोय कुठल्या!" म्हणावे, यासाठी हा सगळा खटाटोप असतो. हे उद्दिष्ट मनाशी स्पष्ट असल्याशिवाय सुईला हात लावू नये.

साहित्य : पुणेकरांनी रविवार पेठेतली बोहरी आळी गाठावी, मुंबईकरांनी भुलेश्वर. "पांढरे मोती द्या" असे भोळेपणाने म्हणू नये. दुकानदार पांढऱ्याच्या इतक्या छटा समोर मांडतो की आपण आजवर पांढरा रंग पाहिलाच नव्हता, अशी खात्री पटते. मोती दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पसंत करू नयेत. पायरीवर येऊन उन्हात धरावेत. नवरीची अष्टपुत्री पिवळी असते आणि तिच्यावर निळसर पांढरा मोती आजारी दिसतो. शिवाय तंगूस, बारीक सुई, दोन्ही टोकांना बांधायला रेशमी नाडी आणि लोंबत्या सरींसाठी गोंडे.

माप : दोरा कपाळावरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत धरावा. तो 28 सेंटिमीटर भरला असे समजू. 4 मिलिमीटरचा मोती घेतल्यास एका सरीला 70 मोती, कपाळावर दोन सरी, म्हणजे 140. दोन्ही कानशिलांशी 20 सेंटिमीटरच्या दोन-दोन सरी सोडायच्या, म्हणजे आणखी 200. एकूण 340. नवरदेवालाही कपाळ असते हे विसरू नये : 680. नवऱ्या मुलाचे माप फेटा किंवा पगडी घालूनच घ्यावे. मुंडावळी त्यावरून बांधायची असते, आणि उघड्या डोक्याच्या मापाने केलेली मुंडावळी ऐन मुहूर्तावर मागे पोचतच नाही. मुंजीच्या बटूचे गणित उलटे. भादरलेल्या गुळगुळीत डोक्यावर ती ठरत नाही, भुवयांवर येऊन बसते. नाडी लांब ठेवून करकचून बांधावी.

कृती : मोती ताटात ओतू नयेत. ताटातून मोती उडतो तो थेट कपाटाखाली. जाड टॉवेल अंथरून त्यावर पसरावेत. स्वस्तातल्या मोत्यांपैकी काहींचे भोक मुलाम्याने बुजलेले असते. त्यांत सुई घुसवण्याचा हट्ट धरू नये, सुई वाकते आणि माणूसही. असे मोती बाजूला काढून "मदत करू का?" विचारणाऱ्या लहान मुलांना ओवायला द्यावेत, सर्व पक्ष बराच वेळ गुंततात.

खरी परीक्षा गाठीची. तंगूस गुळगुळीत, साधी गाठ मारली की निसटते. तीनदा निरगाठ मारून उरलेले टोक पेटत्या उदबत्तीने हलकेच भाजावे. वितळून त्याची गुठळी होते आणि गाठ अडते. जोरात भाजल्यास सर तुटते. मग घरात काही काळ शांतता पसरते, आणि तिचा भंग सासरच्या मंडळींचे नाव घेऊन करू नये.

तोवर सल्लागार मंडळ जमलेले असते. मधे लाल मणी हवा, हिरवा हवा, कुंदन हवे, "आमच्या वेळी फुलांच्या असायच्या". सर्वांचे ऐकावे. मधे एक सोनेरी मणी घालून थांबावे. मुंडावळीखाली तोंडही दिसले पाहिजे.

एवढे करून मांडवात कुणी विचारलेच नाही, तर एखाद्या भाचीला पन्नास रुपये देऊन मोठ्याने विचारायला लावावे. या खर्चाची तरतूद साहित्यातच करावी.

लग्न आटोपले की सरींत अडकलेल्या अक्षता आधी वेचून काढाव्यात. त्यांच्या कुंकवाने मोती गुलाबी पडतात. मग डबीत कापूस घालून ठेवाव्यात आणि डबीवर ठळक अक्षरांत नाव लिहावे. चुलतबहिणीचे लग्न ठरले की ही डबी मागितली जाते आणि नाव नसलेली डबी परत येत नाही.